एक्क्याऐंशीचे त्र्याहत्तर

मित्रांनो, तुमच्या घरात पलंगाखाली किंवा दाराआड माझा एखादा भाऊबंद नक्की असेल. घरातली मोठी माणसं त्याच्यावर चढण्याआधी चपला काढतात, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवतात आणि श्वास रोखून धरतात. किल्ल्यांचं वजन असून असून किती असणार, आणि श्वासाचं तर विचारूच नका. पण माणसाला वाटतं, तेवढंच कमी भरेल. मी वजनकाटा आहे. वय झालं आहे. वरचं काळं रबर कोपऱ्यात सुटलं आहे आणि पुढच्या गोल काचेवर एक ओरखडा आहे. पोटातली स्प्रिंग मात्र अजून शाबूत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याबद्दल तुम्ही वेगळं काही ऐकलं असण्याची शक्यता आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचे तुकडे दाबून माझं अंग झालं, चार पाती आणि एक जाड स्प्रिंग बसवून पोट भरलं. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिनं माझ्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. तीनदा माझा काटा बरोबर विसावर थांबला. मग तिनं माझ्या बुडाला हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि मला पुढे सरकवलं. कुणी आपल्यावर विश्वास ठेवण्याचा तो माझा पहिला अनुभव.

तिथून मी एका दवाखान्यात गेलो. चौदा वर्षं राहिलो. तिथल्या सिस्टर मोठ्या कडक. रोज सकाळी दार उघडलं की पाच-पाच किलोची दोन वजनं माझ्यावर ठेवायच्या, दहा आकडा दिसला की मगच पहिल्या पेशंटला आत घ्यायच्या. बायका माझ्यावर चढायच्या ते दृश्य बघण्यासारखं असायचं. एक बाई नेहमी एका पायावर उभी राहायची. दुसरी कवळी काढून पदरात घ्यायची. सिस्टर हसू दाबून म्हणायच्या, "तो कुणाची भीड धरत नाही हो. दोन्ही पाय ठेवा."

डॉक्टरांचं बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ झालं. ते सांगायचे, पन्नाशी उलटली की बायकांच्या अंगावर, त्यातही पोटाभोवती, चरबी साठायला लागते. त्याच वयात रक्तवाहिन्याही ताठर होत जातात. वाढलेल्या अंगाला रक्त पोचवायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि रक्ताचा दाब चढतो. दाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तो चढल्याचं कळत नाही. चार-पाच किलो जरी उतरवले तरी बऱ्याच जणींचा दाब खाली येतो. बायका मान डोलवायच्या आणि बाहेर पडताना एकमेकींना विचारायच्या, "तुझं किती भरलं?"

पुढे दवाखान्यात आकडे उजळणारा नवा काटा आला. मला बाकाखाली ढकललं. दोन वर्षं माझ्यावर जुनी मासिकं रचलेली होती. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. नवं आलं की जुन्यानं सरकायचं, हे कारखान्यातून निघतानाच माहीत असतं.

मग एक दिवस मास्तर आल्या.

मास्तर म्हणजे बाईच. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या एकोणतीस वर्षं कापड कापत होत्या. एका वेळी चाळीस थरांवर विजेची कात्री फिरवायच्या, तरी वरच्या आणि खालच्या तुकड्यात दोऱ्याइतका फरक नसायचा. तिथल्या मुली त्यांना 'मास्तर' म्हणायच्या, आणि तेच नाव गल्लीभर झालं. दिवसातले आठ तास उभं राहून काम, वर कारखान्याचे तीन जिने. निवृत्त झाल्यावर हे सगळं एकदम थांबलं. पाय खुर्चीत आले आणि हात खाण्याच्या डब्यात. दोन वर्षांत वजन चढलं, त्याच्यामागून दाब चढला. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, दर महिन्याला दाब मोजून जायला सांगितलं आणि म्हणाले, "वजन आठ किलोंनी उतरवा. उतरलं तर गोळी कमी करता येईल का, ते मी बघेन." मास्तरांनी सिस्टरना विचारलं, हा जुना काटा घरी न्यायला मिळेल का. सिस्टरनी माझ्यावरची मासिकं काढली, मला ओल्या फडक्यानं पुसलं, दोन वजनं ठेवून दहा आकडा दाखवला आणि माझा निरोप घेतला. "हा तुम्हाला फसवणार नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथं त्या आणि त्यांची धाकटी जाऊ, अशा दोघीच राहायच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेलेले. मास्तरांची लेक लग्न होऊन दूरच्या शहरात होती. धाकटीला मूलबाळ नव्हतं. नवरे गेल्यावर दोघींनी दोन स्वयंपाकघरांची भांडी एकत्र केली आणि तेव्हापासून एका ताटात जेवल्यासारख्या जगत होत्या. धाकटीच्या हाताला चव होती. ती समोर बसून वाढायची, आणि समोरच्यानं दुसऱ्यांदा घेतलं की तिचा चेहरा उजळायचा.

सोमवारी सकाळी वजन करायचं, असं ठरलं. अडचण एकच होती. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि वाकलं की त्यांना गरगरायचं. माझा आकडा त्यांच्या पायांच्या मधे. म्हणून त्या माझ्यावर उभ्या राहायच्या आणि धाकटी खाली जमिनीवर बसून आकडा वाचायची. पहिल्या सोमवारी ती म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर." तेवढेच होते.

मास्तरांनी मनावर घेतलं. मीठ कमी केलं, संध्याकाळी दोन फेऱ्या मारू लागल्या, लोण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला. तीन आठवड्यांत सत्त्याहत्तर झाले. मग काटा अडकला. अंग असं हट्टी असतं, मित्रांनो. पहिला किलो लगेच देतं, दुसऱ्यासाठी महिनाभर रडवतं. मास्तरांना ते सहन होईना. त्या चिडचिड करू लागल्या. धाकटीनं वाढलेलं ताट अर्धवट ठेवून उठू लागल्या. सहाव्या सोमवारी माझ्यावर चढताना त्या म्हणाल्या, "आज वाढलेलं निघालं ना, तर उद्यापासून मी जेवणच बंद करते."

मी साडेसत्त्याहत्तर दाखवले. ते खरे होते.

धाकटी माझ्या काचेकडे बघत राहिली. तिचा श्वास मला काचेवर जाणवत होता. तिच्या नवऱ्यानं शेवटच्या आजारात महिनाभर अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि रिकामं ताट बघितलं की तिला तेच दिवस आठवतात, हे मी तिच्या बोलण्यातून ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "शहात्तर, ताई."

मला वाटलं, तिची वाचण्यात चूक झाली. मास्तर खूश झाल्या. त्या दिवशी चहाबरोबर त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि धाकटीच्या एका जुन्या फजितीची आठवण काढून दोघी पोट धरधरून हसल्या.

पुढच्या सोमवारी मला कळलं की ती चूक नव्हती.

त्यानंतर मी सांगायचो एक आणि वाचलं जायचं दुसरं. मी अठ्ठ्याहत्तर दाखवायचो, मास्तरांना पंचाहत्तर ऐकू यायचे. मी एकोणऐंशी दाखवले, त्यांनी साडेचौऱ्याहत्तर ऐकले. लोण्याचा डबा वरच्या फळीवरून खाली आला. 'उतरतंय ना, मग थोडं चालतं' असं म्हणत मास्तर तळलेले बटाटे घ्यायच्या, वर खारे शेंगदाणे. संध्याकाळच्या फेऱ्या आधी एक झाल्या, मग बंद झाल्या. मोज्यांच्या रबराचे वळ त्यांच्या घोट्यावर खोल रुतू लागले. मला ते जवळून दिसत होते. पण मला आवाज नाही, मित्रांनो. मला फक्त एक लाल काटा आहे, आणि तो बघणाऱ्याच्या हवाली आहे.

कपडे खोटं बोलत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. मास्तरांसारख्या बाईला तर कापड हातात घेतल्याबरोबर कळायला हवं होतं. पण धाकटीला शिवणकाम शिकवलं होतं ते मास्तरांनीच. एका दुपारी मास्तर झोपल्या असताना तिनं त्यांचा बाहेर जायचा कोट काढला, बटणं उसवली आणि बोटभर सरकवून पुन्हा लावली. टाका अगदी सुबक. मी पलंगाखालून सगळं बघत होतो. माझा आकडा ती बदलायची, पण माझ्याशी तर तिचं काहीच नातं नव्हतं. ज्या हातांनी शिकवलं, त्यांच्याच कोटावर तो टाका पडताना बघून मला पहिल्यांदा तिचा राग आला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मास्तरही सरळ वागत नव्हत्या. आकडा पंचाहत्तरवर आल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला की वजन उतरलं म्हणजे दाबही उतरला असणार. डॉक्टर म्हणालेच होते, गोळी कमी करता येईल. 'ते मी बघेन' हे शब्द त्या सोयीनं विसरल्या. रोज सकाळी त्या गोळी मोडायच्या, अर्धी घ्यायच्या आणि अर्धी बटणांच्या डब्यात टाकायच्या. दाब मोजायला जाणंही बंद केलं. जिने चढउतर कोण करणार, काटा सांगतोच आहे, असं त्या म्हणायच्या. धाकटीला गोळीतलं काही माहीत नव्हतं. मास्तरांना आकड्यातलं काही माहीत नव्हतं. एकीनं केलेली लबाडी दुसरीच्या लबाडीवर चढून बसली होती, आणि दोन्ही मला दिसत होत्या.

आठव्या महिन्यात एका सोमवारी धाकटीनं वाचलं, "त्र्याहत्तर." मी एक्क्याऐंशी दाखवत होतो. मास्तर म्हणाल्या, "अजून तीन, की डॉक्टरांना तोंड दाखवायला मोकळी."

गुरुवारी सकाळी त्या टेबलाशी बसून शेजारणीसाठी पडदा कापत होत्या. ही शेजारीण पोस्टात कामाला होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. मास्तरांनी डाव्या हातानं चहाचा कप उचलला. कप अर्ध्यावर येऊन निसटला. त्यांनी हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. धाकटीनं काय झालं विचारलं, तर तोंडातून शब्द जाड होऊन आले. एक गाल खाली उतरला होता. धाकटी दारात जाऊन शेजारणीला हाक मारत सुटली. शेजारणीनं फोन करून रुग्णवाहिका बोलावली. दोन माणसांनी मास्तरांना खुर्चीवर बसवून जिन्यावरून खाली नेलं. माझ्या शेजारून खुर्ची गेली तेव्हा त्यांचा डावा पाय जमिनीला घासत होता.

पुढचे नऊ दिवस मी जे ऐकलं ते फोनवरचं. धाकटी रात्रीपुरती घरी यायची आणि सकाळी निघण्याआधी मास्तरांच्या लेकीशी बोलायची. दाबाचा वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. मेंदूत छोटी गुठळी अडकली होती. जीव वाचला होता, वाचाही परत येत होती, पण डावा हात उठत नव्हता. तिथल्या मोठ्या दवाखान्यात वजन केलं तर एक्क्याऐंशी भरलं. मास्तर जड जिभेनं पुन्हा पुन्हा 'त्र्याहत्तर' म्हणत होत्या. बाईंना भ्रम झाला आहे का, असं डॉक्टरांनी धाकटीलाच विचारलं.

पलीकडून लेकीनं काहीतरी विचारलं असावं. मग धाकटी म्हणाली, "घरचा काटा बिघडलेला निघाला. जुना झालाय ना."

मित्रांनो, बाकाखाली ढकललं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. हे वाक्य ऐकून वाटलं. आयुष्यात मी एकच काम केलं होतं आणि ते चोख केलं होतं. आठ महिने मी तिच्या डोळ्यांसमोर खरं धरून ठेवलं होतं. तिनं ते वाचलं नाही, आणि आता खोटेपणा माझ्या नावावर केला. त्याच दिवशी तिनं मला गॅलरीत नेऊन ठेवलं आणि माझ्यावर पाण्यानं भरलेली बादली ठेवली. माझा काटा बादलीचं वजनही बरोबर दाखवत होता. बघायला कुणी नव्हतं.

मास्तर घरी आल्या. सिस्टर आता निवृत्त झाल्या होत्या, पण मास्तरांची बातमी कळल्यावर दर सोमवारी स्वतः दाब मोजायला येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आपला काटा कुठाय?"

धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली, तो बिघडलाय, आठ किलो कमी दाखवतो.

सिस्टर उठल्या. गॅलरीत आल्या, बादली उतरवली, मला पुसलं आणि आतल्या खोलीत मास्तरांच्या खुर्चीसमोर ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या दोन-दोन किलोच्या पाच नव्या पिशव्या घेऊन आल्या आणि एकेक करून माझ्यावर रचल्या. मी जीव मुठीत धरून उभा होतो. दोन. चार. सहा. आठ. दहा.

"ठणठणीत आहे हा," सिस्टर म्हणाल्या. "बुडाला गंज आलाय थोडा. बाकी रेसभर फरक नाही."

मग याची बटणं लागत कशी होती, असं म्हणत मास्तरांनी खुंटीवरचा कोट मागितला. सिस्टरनी तो मांडीवर दिला. मास्तरांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा बटणांच्या कडेनं फिरवत नेला. एका जागी अंगठा थांबला. सुई पूर्वी जिथून गेली होती तिथली बारीक भोकं कापडात तशीच होती. चाळीस थरांतला फरक ओळखणारा तो हात. त्याला आणखी पुरावा नको होता.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

धाकटी आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिनं काही नाकारलं नाही. तुम्ही ताटावरून उठून जायचात, मला भीती वाटायची, एकदाच खोटं वाचणार होते, मग मागे फिरता येईना, असं तुटक तुटक सांगत गेली. सांगताना ती मास्तरांच्या नजरेला नजर देत नव्हती. शेवटी म्हणाली, "तुम्हाला हसताना बघायचं होतं, ताई."

मास्तरांची जीभ अजून जड होती. त्या एकेक शब्द जुळवत बोलल्या. "खरं सांगितलं असतंस तर मी चिडले असते. रडले असते. पण जिना उतरून दवाखान्यात गेले असते."

मग त्यांनी सिस्टरना बटणांचा डबा काढायला सांगितला. सिस्टरनी तो टेबलावर उपडा केला. बटणांमधून पांढऱ्या अर्ध्या गोळ्या घरंगळल्या. शंभरच्या वर असतील. धाकटीनं त्यातली एक उचलून तळहातावर घेतली. ती रोज सकाळी गोळीबरोबर घ्यायला पाण्याचा पेला आणून द्यायची, स्वतःच्या हातानं.

"मलाही सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

त्यानंतर घर बदललं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलू लागल्या. धाकटी न चुकता कमी मिठाचं, कमी तेलाचं रांधायची, ताट ठेवायची आणि आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसायची. मास्तरांनी पूर्ण गोळी सुरू केली. काठी टेकत आधी खोलीत, मग जिन्यापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागल्या. डावा हात खांद्यापर्यंत उठायचा, पण कापड धरायची पकड काही आली नाही. कात्री कापडात गुंडाळून कपाटात गेली.

सोमवारी आकडा सिस्टर वाचायच्या. तीन महिन्यांत मी एक्क्याऐंशीवरून सत्त्याहत्तरवर आलो. हे सत्त्याहत्तर खरे होते. दाबही खाली आला. सिस्टरनी दंडावरचा पट्टा सोडताना दोनदा मान हलवली, ती समाधानानं. वजन आणि दाब असे हातात हात घालून उतरताना मी चौदा वर्षांत कितीतरी जणींचे बघितले होते, पण या चार किलोंची किंमत मला वेगळी वाटली.

एका सोमवारी सिस्टरना ताप होता. त्यांनी येत नसल्याचा निरोप पाठवला. मग मास्तरांनी धाकटीला हाक मारली. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्या नात्यानं, "अगं धाकटे" अशी.

धाकटी हात पुसत आली. मास्तर काठी भिंतीला टेकवून माझ्यावर चढल्या. धाकटी पूर्वीसारखी खाली बसली. मी साडेसत्त्याहत्तर दाखवत होतो. आकडा अर्ध्या किलोनं वाढला होता. धाकटीनं पदरानं माझी काच पुसली. नीट वाकून बघितलं.

"साडेसत्त्याहत्तर," ती म्हणाली. "अर्धा किलो वाढलंय, ताई."

मला आनंदानं स्प्रिंग उडवावीशी वाटली. तिनं वाचलं होतं. जसं होतं तसं, वाढलेलं, न आवडणारं.

मास्तर खाली उतरल्या नाहीत. तिथूनच त्यांनी दार उघडायला सांगितलं आणि शेजारणीला हाक मारली. ती कामावर जाण्याच्या गडबडीत चपला घालत होती, तशीच आली.

मास्तर म्हणाल्या, "जरा एवढा आकडा वाचून दे गं."

शेजारीण वाकली. "साडेसत्त्याहत्तर."

"बरं," मास्तर म्हणाल्या आणि काठी घेऊन खाली उतरल्या. शेजारीण निघून गेली. धाकटी जमिनीवरच बसून होती. ती रडली नाही. तिनं मला उचललं, पलंगाखाली नेऊन ठेवलं आणि माझ्या काचेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच थांबली. मला 'बिघडलेला' म्हटल्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही वाट बघितली नाही.

मित्रांनो, तुमच्या आजीचा, आईचा, मावशीचा आकडा वाचायची पाळी कधीतरी तुमच्यावर येईल. वजनाचा असेल, दाबाचा असेल. तो ऐकून त्यांचा चेहरा उतरेल, आणि तुमच्या जिभेवर एखादा गोड आकडा येईल. तो गिळून टाका. आहे तो आकडा सांगा, आणि मग त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्याबरोबर चालायला जा, त्यांनी गोळी पूर्ण घेतली का ते बघा. माझं अंग पत्र्याचं आहे, गंज घासून काढता येतो; विश्वासावरचा तसा निघत नाही. या घरात आता दर सोमवारी एकच आकडा दोघी जणी वाचतात. पहिली धाकटी असते, दुसरी सिस्टर नाहीतर शेजारीण. दुसऱ्या वेळी आकडा ऐकला की मगच मास्तर माझ्यावरून खाली उतरतात.